सैनिकी सेवा आणि महाविद्यालयीन शिक्षण (महाराष्ट्र)

सैनिकी सेवा आणि महाविद्यालयीन शिक्षण यांची सांगड घालण्याचे तीन मुख्य मार्ग महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना उपलब्ध आहेत. महाविद्यालयात शिकत असताना सैनिकी प्रशिक्षण घेणे हा पहिला, सैन्याच्याच संस्थेत राहून पदवी मिळवणे हा दुसरा, आणि आधी भरती होऊन नंतर दूरस्थ पद्धतीने पदवी पुरी करणे हा तिसरा. दुसऱ्या मार्गाने जाणारे विद्यार्थी अधिकारी होतात. तिसरा मार्ग प्रामुख्याने जवानांचा आहे. ग्रामीण भागात, विशेषतः मराठवाड्यात, सर्वाधिक तरुण याच मार्गाचा विचार करतात. मात्र त्याविषयीची माहिती तेथे सर्वात कमी पोहोचते.

या विषयातील कळीचा प्रश्न क्रमाचा आहे. जवान म्हणून भरती होण्याचे वय आणि पदवी घेण्याचे वय जवळजवळ एकच असल्यामुळे जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावातून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला आधी पदवी की आधी भरती हे अठराव्या वर्षी ठरवावे लागते.

पार्श्वभूमी

सैन्य आणि शिक्षण यांचा संबंध महाराष्ट्रात महाविद्यालयांपासून नव्हे, तर पलटणीच्या शाळांपासून सुरू झाला. ब्रिटिश सैन्यातील भारतीय शिपायांना व त्यांच्या मुलांना लिहिता-वाचता यावे यासाठी सैन्य स्वतः शाळा चालवीत असे आणि त्या शाळांसाठी शिक्षकही स्वतः तयार करीत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील रामजी मालोजी सकपाळ यांनी पुण्यातील सैनिकी नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले. पुढे ते सैनिकी शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि सुभेदार हुद्द्यापर्यंत पोहोचले. आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, तो वडिलांच्या या नोकरीमुळेच. गावच्या शाळेचा उंबरठा ज्यांना ओलांडू दिला जात नव्हता, अशा समाजातील एक पिढी पलटणीत साक्षर झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा नोकरीबरोबर शिक्षणाचा हा दरवाजाही बंद झाला. भरती पुन्हा सुरू व्हावी यासाठी झालेल्या अर्ज-विनंत्यांमागे ही दुहेरी हानी होती. महार रेजिमेंटची पहिली पलटण १९४१ मध्ये बेळगाव येथे उभी राहिली.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा सैन्याशी संबंध पहिल्या महायुद्धात आला. सैन्यातील मनुष्यबळाची तूट भरून काढण्यासाठी १९१७ च्या भारतीय संरक्षण दल कायद्यान्वये विद्यापीठांतून 'युनिव्हर्सिटी कोअर' उभारण्यात आली. १९२० च्या प्रादेशिक सेना कायद्यानंतर तिचे रूपांतर 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर'मध्ये झाले, आणि १९४२ मध्ये 'युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर' असे नवे नाव देण्यात आले. या तुकड्यांतील विद्यार्थी गणवेश घालून कवायत करीत, शिबिरांना जात आणि परत येऊन परीक्षांना बसत. दुसऱ्या महायुद्धात या दलाकडून अधिकाऱ्यांच्या पुरवठ्याची जी अपेक्षा होती ती पुरी झाली नाही. तेव्हा अधिक व्यापक संघटना हवी, हा विचार पुढे आला.

याच काळात भारतीय तरुणांना अधिकारीपदासाठी शालेय वयापासून तयार करावे या हेतूने डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिक येथे भोसला सैनिकी शाळा सुरू केली. पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल त्याआधीचे, १९३२ चे आहे.

राष्ट्रीय छात्रसेना

पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून १९४८ चा राष्ट्रीय छात्रसेना कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली. बोलीत सर्वत्र तिला एनसीसी म्हणतात. मराठवाडा त्या दिवशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर तो भारतात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. या विभागातील उच्च शिक्षणाचा विस्तारही मुख्यतः त्यानंतरचा आहे. म्हणून पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांना विद्यार्थी-सैनिकांची जी तीन दशकांची परंपरा मिळाली होती, ती मराठवाड्याला नव्याने उभी करावी लागली.

१९६२ च्या चीन युद्धानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी छात्रसेना सक्तीची करण्यात आली. त्याच वर्षी तातडीच्या कमिशनसाठी मद्रास व पुणे येथे अधिकारी प्रशिक्षण शाळा उघडण्यात आल्या आणि पदवीचे शिक्षण नुकतेच संपवलेले अनेक तरुण थेट तेथे गेले. पुण्याची शाळा अल्पजीवी ठरली. मद्रासची शाळा आजची चेन्नई येथील अधिकारी प्रशिक्षण अकादमी होय. सक्तीमुळे छात्रांची संख्या वाढली. पण प्रशिक्षक, बंदुका आणि गणवेश त्या प्रमाणात वाढले नाहीत. १९६८ मध्ये छात्रसेना पुन्हा ऐच्छिक झाली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेचा पर्याय विद्यार्थ्यांपुढे आला.

छात्रसेनेतील प्रवेश म्हणजे सैन्यातील नोकरी नव्हे, हे अनेक पालकांना सांगावे लागते. छात्रावर सैन्यात जाण्याचे कोणतेही बंधन नसते. महाविद्यालयातील ज्येष्ठ विभागात दोन वर्षांनी 'बी' आणि तीन वर्षांनी 'सी' प्रमाणपत्राची परीक्षा होते. परीक्षेला बसण्यासाठी परेडला ७५ टक्के उपस्थिती आणि ठरावीक शिबिरे आवश्यक असतात. महाविद्यालयात शिकवणारे प्राध्यापकच सहयोगी छात्रसेना अधिकारी म्हणून तुकडी सांभाळतात. त्यांच्या प्रशिक्षणाची अकादमी नागपूरजवळ कामठी येथे आहे. आठवडाभर इतिहास किंवा रसायनशास्त्र शिकवणारा शिक्षक परेडच्या दिवशी लेफ्टनंटच्या गणवेशात मैदानावर उभा राहतो, हे दृश्य लहान गावातील महाविद्यालयात आजही कुतूहलाचे असते. तुकडी टिकते की नाही, हे बहुतेक ठिकाणी या एका व्यक्तीच्या चिकाटीवर अवलंबून असते.

'सी' प्रमाणपत्राचे प्रत्यक्ष मूल्य दोन ठिकाणी दिसते. ते किमान 'बी' श्रेणीत मिळवलेल्या आणि पदवीला किमान ५० टक्के गुण असलेल्या १९ ते २५ वयोगटातील उमेदवाराला 'एनसीसी विशेष प्रवेश' योजनेतून लेखी परीक्षेविना अर्ज करता येतो. अर्जांची छाननी होऊन निवडक उमेदवारांना सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीला बोलावले जाते. जवान म्हणून भरती होणाऱ्यालाही छात्रसेनेच्या प्रमाणपत्रामुळे निवडीत सवलत मिळते. शिवाय २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने छात्रसेना हा विषय सहा सत्रांत मिळून २४ श्रेयांकांचा ऐच्छिक अभ्यासक्रम म्हणून स्वीकारण्याची शिफारस विद्यापीठांना केली. पहाटेच्या परेडला पदवीच्या हिशोबात जागा मिळण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

येथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत 'संरक्षणशास्त्र' हा विषय शिकवला जातो आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात त्याचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग आहे. हा अभ्यासाचा विषय आहे. तो घेतल्याने भरतीत वेगळा हक्क मिळत नाही.

सैन्याच्या संस्थांतील पदवी

बारावीनंतर थेट सैन्याच्या संस्थेत जाऊन पदवी मिळवण्याच्या बाबतीत महाराष्ट्र देशात संपन्न राज्य आहे. खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि प्रबोधिनी १९५४ च्या अखेरीस तेथे सुरू झाली. तीन वर्षांच्या प्रशिक्षणाअखेर छात्राला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. सकाळी कवायत व घोडदौड, दुपारी वर्ग, रात्री अभ्यासिका अशी दिनचर्या असल्याने येथे शिक्षण आणि सेवा यांत निवड करावी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर प्रबोधिनीचे दार मुलींसाठी उघडले. २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतील १७ जणी पदवी व प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या.

पुण्यातील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १ मे १९४८ रोजी झाली आणि पदवी अभ्यासक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. येथील विद्यार्थ्याला सेवेचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. पदवी मात्र नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. याच महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी लेफ्टनंट जनरल डॉ. माधुरी कानिटकर २०२१ मध्ये त्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय १९४८ पासून पुण्यात आहे. तेथे तांत्रिक प्रवेश योजनेतून आलेले छात्र अभियांत्रिकीची पदवी घेतात.

या संस्थांपर्यंत पोहोचण्याची तयारी मात्र दहावीच्या आसपासच सुरू व्हावी लागते. साताऱ्याची सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. ती देशातील पहिली सैनिक शाळा होय. मराठवाड्याच्या दृष्टीने अधिक जवळची संस्था म्हणजे औरंगाबाद, आजच्या छत्रपती संभाजीनगर, येथील सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था. राज्य शासनाने ती १९७७ मध्ये स्थापन केली. दहावीनंतर लेखी परीक्षा व मुलाखतीद्वारे निवडलेले महाराष्ट्रातील मुलगे तेथे राहून अकरावी-बारावी करतात आणि सोबत प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतात. मुलींसाठी अशीच संस्था नाशिक येथे २०२३ मध्ये सुरू झाली. प्रबोधिनीसाठीची वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस असल्याने बारावी झाल्यावर ज्याला या परीक्षेचे नाव प्रथम कळते, त्याच्या हाती एखाद-दुसरीच संधी उरते.

अधिकाऱ्यांचे शिक्षण पुढेही थांबत नाही. वेलिंग्टन येथील संरक्षण सेवा स्टाफ महाविद्यालयातील अभ्यासक्रमाला मद्रास विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी जोडलेली आहे. पुण्याजवळील गिरीनगरच्या संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्थेत तिन्ही दलांचे अधिकारी एम.टेक. करतात. पुण्यात शिकलेले माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी सेवेत असतानाच संरक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी व एम.फिल. या पदव्या मिळवल्या. अधिकाऱ्याच्या बाबतीत वरचे शिक्षण त्याच्या नोकरीतच विणलेले असते.

जवानांचे शिक्षण

जवानाची स्थिती वेगळी आहे. सर्वसाधारण शिपाई पदासाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण पुरतात. लिपिक पदासाठी बारावीला ६० टक्के लागतात, तर तांत्रिक पदासाठी साधारणपणे बारावी विज्ञान किंवा आयटीआयची पात्रता लागते. ही किमान पात्रता असली तरी प्रत्यक्षात मेळाव्यात धावणाऱ्यांत बी.ए., बी.एस्सी. करीत असलेले किंवा केलेले तरुण असतातच. भरती झालेला विद्यार्थी महाविद्यालय सोडतो आणि त्याचे नाव पुढच्या वर्षीच्या हजेरीपटातून नाहीसे होते. महाविद्यालयाच्या लेखी ती गळती असते आणि गावाच्या लेखी यश.

सेवेत गेल्यावर शिकण्याची सोय पूर्वापार आहे. सैन्य शिक्षण कोअरची परंपरा १९२१ पर्यंत मागे जाते. तिचे प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढी येथे आहे आणि तिचे शिक्षक पलटणींमध्ये नेमलेले असतात. सैन्याच्या स्वतःच्या शैक्षणिक प्रमाणपत्र परीक्षा असून बढतीसाठी त्यांना महत्त्व आहे. मात्र विद्यापीठाची पदवी हवी असेल तर बाहेर नाव नोंदवावे लागते आणि त्यासाठी वरिष्ठांची परवानगी घ्यावी लागते. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, म्हणजे 'इग्नू'ने, लष्कर व नौदलासाठी स्वतंत्र मान्यताप्राप्त केंद्रे दिली आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठी माध्यमातून पदवी देते. परंतु त्याची परीक्षा केंद्रे प्रामुख्याने राज्यात असल्याने आसाम किंवा लडाखमध्ये नेमणूक असलेल्या जवानाला परीक्षेसाठी रजेचा मेळ घालावा लागतो. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा साधारणपणे जून आणि डिसेंबरमध्ये होतात, आणि त्यांच्या आधी स्वाध्याय सादर करावे लागतात. कोणत्या महिन्यात पलटण कोठे असेल हे जवानाच्या हाती नसल्यामुळे तीन वर्षांची पदवी पाच-सहा वर्षांवर जाणे अस्वाभाविक नाही. इग्नूच्या पदवीला कमाल सहा वर्षांची मुदत असते, ती अशा विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडते.

जवानातून अधिकारी होण्याचा मार्गही शिक्षणातूनच जातो. १९२९ मध्ये नौगाव येथे सुरू झालेल्या किचनर महाविद्यालयाची परंपरा पुढे चालवणारे आर्मी कॅडेट कॉलेज १९६० मध्ये पुण्यात सुरू झाले आणि १९७७ मध्ये डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीत हलवण्यात आले. किमान दोन वर्षे सेवा झालेला, बारावी उत्तीर्ण आणि २० ते २७ वयाचा जवान परीक्षा व मुलाखतीतून येथे निवडला जातो. तेथे तीन वर्षांत तो जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेतो आणि त्यानंतर एक वर्ष अकादमीत प्रशिक्षण घेऊन लेफ्टनंट होतो. दहावीवर भरती झालेल्या जवानाने पलटणीत राहून बारावी केली, तर हा मार्ग त्यालाही खुला आहे. महाविद्यालयाची फी परवडत नाही म्हणून भरती झालेल्या मुलाला सरकारी पगारावर पदवी देणारी अशी दुसरी सोय विरळाच.

निवृत्त जवानांसाठी केंद्र शासनाने १९८६ मध्ये एक तरतूद केली. दहावी उत्तीर्ण आणि किमान १५ वर्षे सेवा झालेला माजी सैनिक, ज्या गट 'क' पदांना पदवीची अट आहे अशा माजी सैनिकांसाठी राखीव पदांना पात्र धरला जातो. ही पदवी नव्हे. पदवीची अट पुरी झाल्याचे मानणे आहे. म्हणून तिच्या आधारे एम.ए.ला प्रवेश मिळत नाही, आणि अशी अपेक्षा धरून विद्यापीठात गेलेल्या माजी सैनिकाच्या पदरी निराशा येते.

अग्निपथ योजना

१४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने वरील व्यवस्थेचा पायाच बदलला. घोषणेनुसार साडेसतरा ते २१ वर्षे वयाचे उमेदवार चार वर्षांसाठी 'अग्निवीर' म्हणून घेतले जातात. पहिल्या वर्षापुरती वरची मर्यादा २३ करण्यात आली होती. चार वर्षांनंतर एका तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतले जाते. पहिल्या वर्षी मासिक ३०,००० रुपयांपैकी ९,००० रुपये सेवानिधीत जमा होतात. तेवढीच रक्कम सरकार घालते, आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये हाती येतात. निवृत्तिवेतन नाही.

शिक्षणाच्या दृष्टीने याचा परिणाम असा, की १५ वर्षांच्या सेवेवर मिळणारी पदवीसमान पात्रता बहुतेक अग्निवीरांच्या आवाक्याबाहेर गेली. नियमित सेवेत न घेतलेला अग्निवीर बाविसाव्या ते पंचविसाव्या वर्षी परत येतो, तेव्हा त्याच्या वर्गमित्रांची पदवी होऊन गेलेली असते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले व आसाम रायफल्स यांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के राखीव जागा २०२२ मध्येच जाहीर झाल्या. परंतु ज्या स्पर्धा परीक्षांना पदवी लागते त्यांत त्याला पदवीधरांशीच स्पर्धा करावी लागते. त्याच्यासाठी सेवाकाळात मिळवलेली पदवी शोभेची उरलेली नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी दोन तरतुदी करण्यात आल्या. दहावीवर भरती झालेल्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीचे प्रमाणपत्र मिळवता येते. आणि इग्नूने अग्निवीरांसाठी तीन वर्षांचे कौशल्याधारित पदवी अभ्यासक्रम आखले आहेत. त्यांत निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणासाठी दिले जातात; उरलेले निम्मे भाषा, अर्थशास्त्र, इतिहास, पर्यटन, वाणिज्य अशा विषयांतून मिळवायचे असतात. सिग्नल कोअरमध्ये शिकलेले संदेशवहन किंवा पलटणीत शिकलेले वाहन दुरुस्तीचे काम गुणपत्रिकेत उतरू शकते, हे या योजनेचे नावीन्य होय. पलटणीतील प्रशिक्षणाला विद्यापीठाच्या पदवीत इतका मोठा वाटा यापूर्वी जवानासाठी नव्हता.

योजनेत अडचणीही आहेत. पहिले सुमारे सहा महिने प्रशिक्षण केंद्रातच जातात. त्या काळात पुस्तक हाती धरण्याइतका वेळ मिळत नाही. नियमित जवानाला वर्षाला साधारण ९० दिवसांची रजा मिळते, तर अग्निवीराला ३० दिवसांची. दहावीवर गेलेल्याने आधी बारावी आणि मग तीन वर्षांची पदवी असा क्रम धरला, तर चार वर्षांत दोन्ही बसवणे अवघड आहे. बारावी करून गेलेल्यालाही पहिल्या वर्षातच नाव नोंदवले तरच ते जमते. शिवाय नियमित सेवेसाठी निवड व्हावी म्हणून सारे लक्ष मैदानी चाचणी आणि कामगिरीकडे लागलेले असताना मुक्त विद्यापीठाचे स्वाध्याय लिहिणे मागे पडते. पहिल्या तुकडीने डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात प्रशिक्षण सुरू केले, म्हणजे तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पुरी होतात.

अन्य देशांतील व्यवस्था

अमेरिकेने २२ जून १९४४ रोजी केलेल्या, 'जी. आय. बिल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांचा महाविद्यालयीन खर्च सरकारने उचलला. १९५६ पर्यंत सुमारे २२ लाख माजी सैनिकांनी त्याचा लाभ घेऊन महाविद्यालयात शिक्षण घेतले. सैन्यसेवा सक्तीची असलेल्या इस्रायलमध्ये 'अतुदा' या योजनेनुसार निवडक विद्यार्थी सेवा पुढे ढकलून आधी पदवी घेतात आणि मग त्याच क्षेत्रातील काम सैन्यात करतात. भारतातील अग्निवीराला सेवेनंतर मिळते ती एकरकमी सेवानिधीची रक्कम. ती शिक्षणावर खर्च करावी असे बंधन नाही, आणि शिक्षणासाठी वेगळी तरतूदही तीत नाही. घरातील कर्ज, बहिणीचे लग्न किंवा विहिरीचे काम समोर असताना ती रक्कम महाविद्यालयापर्यंत पोहोचेल असे गृहीत धरता येत नाही.

जालना जिल्हा आणि टेंभुर्णी परिसर

टेंभुर्णी हे जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यातील गाव आहे. सोलापूर जिल्ह्यातील याच नावाच्या गावाशी त्याची गल्लत होऊ नये. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची प्रसिद्ध लढाई याच जिल्ह्याच्या भूमीवर झाली आणि एकोणिसाव्या शतकात जालना शहर मोठे छावणीचे ठिकाण होते. तरीही साताऱ्याच्या अपशिंगे गावासारखी, घराघरातून पिढ्यानपिढ्या पलटणीत जाण्याची परंपरा म्हणून या भागाची ओळख नाही. येथे भरतीचे आकर्षण आहे ते प्रामुख्याने पावसावर अवलंबून असलेल्या कापूस-सोयाबीनच्या शेतीतून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून. जिल्हा छत्रपती संभाजीनगर येथील सैन्य भरती कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येतो, आणि महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत.

या परिसरातील विद्यार्थी साधारणपणे अठराव्या वर्षी बारावी होतो आणि अखंड शिकला तर एकविसाव्या वर्षी पदवीधर. जवान म्हणून भरतीची वयोमर्यादा २०२२ च्या घोषणेप्रमाणे तेथेच संपते. म्हणजे तृतीय वर्षाचा निकाल लागतो त्याच सुमारास शिपाईपदाचे दार बंद होते. त्यानंतर उरतात ते अधिकारीपदाचे मार्ग: भारतीय सैनिकी अकादमीसाठी १९ ते २४ वयातील पदवीधरांची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, छात्रसेनेची विशेष प्रवेश योजना, किंवा नोकरी-व्यवसाय सांभाळून अंशकाळ सेवा करण्यासाठी ४२ व्या वर्षापर्यंत खुली असलेली प्रादेशिक सेना. शिपाईपदासाठी १.६ किलोमीटर धावण्याचा सराव केलेल्या तरुणाला येथे इंग्रजीचा पेपर आणि पाच दिवसांची मुलाखत यांना सामोरे जावे लागते. तो सराव या तयारीत फारसा कामाला येत नाही. राज्य पोलीस शिपाई भरतीची खुल्या गटाची मर्यादा २८ असल्यामुळे सैन्याचे वय गेलेले बरेच जण तिकडे वळतात. एकाच मैदानावर पहाटे सैन्य आणि पोलीस अशा दोन्ही भरत्यांची तयारी चाललेली दिसते, त्याचे कारण हे आहे.

यामुळे बहुसंख्य विद्यार्थी पदवीला नाव घालून ठेवतात आणि शिकत असतानाच भरतीला जातात. पूर्वी निवड झाली की झालेली एक-दोन वर्षे वाया जात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून लागू झालेल्या रचनेत पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका आणि तिसऱ्या वर्षानंतर पदवी मिळण्याची सोय आहे. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत जमा राहतात आणि शिक्षण पुन्हा सुरू करून पदवी एकूण सात वर्षांच्या मुदतीत पुरी करता येते.

मात्र त्यासाठी जाण्यापूर्वी काही गोष्टी झालेल्या असाव्या लागतात. पेढीतील खाते उघडलेले असावे, झालेल्या सत्रांचे निकाल त्यात नोंदलेले असावेत, राहिलेले विषय शक्य तितके सोडवलेले असावेत आणि महाविद्यालयाला लेखी कळवलेले असावे. प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे तर ठरलेला अतिरिक्त कौशल्य अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो. दुसऱ्या विद्यापीठात, म्हणजे इग्नूत, शिक्षण पुढे न्यायचे असल्यास गुणपत्रिका आणि स्थलांतर प्रमाणपत्र घरी कोणाच्या तरी हाती सुरक्षित ठेवावे लागते. निवडीचे पत्र आल्यापासून प्रशिक्षण केंद्रावर हजर होण्यापर्यंतचे दिवस थोडे असतात, आणि ते बहुधा सत्कार, मिरवणूक आणि नातेवाइकांच्या भेटींत संपतात. महाविद्यालयाच्या कार्यालयातील या एका दिवसाच्या कामासाठी चार वर्षांनंतर रजेचे किंवा शेतीच्या हंगामाचे कित्येक दिवस मोडावे लागू शकतात.